सगळ्यांचा श्वास वीस

नर्सिंगच्या शाळेत मी सगळ्यात आधी काय शिकले, तर पुतळ्याला हात लावायचा नाही. पुतळा म्हणजे सरावासाठी आणलेली रबरी बाई. तिच्या दंडात सुई टोचून आम्ही शिकावं, म्हणून ती आणलेली. पण खराब होईल या भीतीनं ती प्लास्टिकच्या आवरणासकट कपाटात कुलूपबंद असायची. तपासणीचे लोक आले की बाहेर निघायची, मॅडम तिचं तोंड पुसायच्या, आणि ते गेले की परत आत. दोन वर्षांत त्या बाईला एक इंजेक्शन लागलं असेल तर शपथ. आम्ही वांग्यांवर शिकलो.

प्रात्यक्षिकासाठी आम्हाला रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात पाठवायचे. सक्करदऱ्याहून निघून सकाळी सातच्या ठोक्याला वॉर्डात हजर. डोक्यावर टोपी, टोपीला चार पिना. टोपी कशी लावायची यावर आमचे दोन तास झाले होते. माणूस कसा श्वास घेतो यावर अर्धा पण नाही. पुस्तकात मात्र लिहिलं होतं की मनगट धरून नाडी मोजत असल्यासारखं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, पेशंटला कळू द्यायचं नाही. आम्ही त्याच्यापुढे गेलो होतो. आम्ही स्वतःलाही कळू देत नव्हतो.

पहिल्याच दिवशी एका सीनियर मुलीनं मला वॉर्डाची रीत सांगितली. ताप थर्मामीटरनं घ्यायचा, नाडी पंधरा सेकंद धरून चारनं गुणायची, आणि श्वासाच्या रकान्यात वीस लिहायचं. सगळ्यांच्या. म्हातारा असो, बाळंतीण असो, पैलवान असो, वीस. मी विचारलं, मोजायचा नाही का? ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी काही मी पेशंटचं जेवण मागितलं.

आमच्या वॉर्डाच्या सिस्टरचा जीव तक्त्यात होता. पेशंटच्या पायाशी टांगलेला तक्ता स्वच्छ पाहिजे, लाल-निळी शाई पाहिजे, आणि खाडाखोड एक पण नको. माझं अक्षर शाळेपासून मोत्यासारखं. झालं! महिन्याभरात माझा तक्ता नमुना म्हणून फळ्यावर लागला, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. बारा खाटांचे तक्ते मी दहा मिनिटांत उरकायची. पुढेपुढे तर सकाळी दहाच्या नोंदीसोबतच दुपारी दोनचीही भरून टाकायला लागले. मोजायचंच नाही, तर थांबायचं काहून?

त्यात दुसऱ्या वर्षाचा शेवट आला. परीक्षेच्या फॉर्मसाठी प्रात्यक्षिकाच्या वहीवर सिस्टरची सही लागायची. सही नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर वर्ष गेलं. आणि बाबांनी मला मोजून दोनच वर्षं दिली होती. तेवढ्यात पास झाले नाही, तर तिसऱ्या वर्षी पाहुणे येऊन मला पाहणार, हे घरी ठरलेलं होतं. मी कांदेपोह्यांच्या बश्या हातात घेऊन उभी आहे, हे मला दिसत होतं.

सह्या व्हायच्या होत्या त्याच आठवड्यात नऊ नंबरच्या खाटेवर रामटेककडची एक बाई होती. साठीची, धानाच्या बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. बोलघेवडी. मला येता-जाता विचारायची, जेवली का वं पोरी. त्या दुपारी ती बोलत नव्हती. दीड वाजता डॉक्टर राऊंडला आले तेव्हा म्हणाली, "मले दम लागून राह्यला, साहेब."

डॉक्टरांनी तक्ता उचलला. दुपारी दोनची नोंद वाचली. ताप नाही, नाडी ऐंशी, श्वास वीस. घड्याळात दीड वाजला होता, आणि दोनची नोंद वाचताना त्या शिकल्यासवरल्या माणसाला काहीच खटकलं नाही. गॅस झाला असेल म्हणाले, गोळी लिहिली आणि खाली ओपीडीत गेले. जाताना माझ्या अक्षराचं कौतुकही केलं.

वॉर्डातल्या मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे ती तक्त्याकडे न बघता पेशंटकडे बघायची. बेडपॅन घेऊन जाता जाता ती मला म्हणाली की नऊ नंबरच्या नाकपुड्या पाह्य एकदा. मी गेले, मनगट धरलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण मिनिट मोजलं. अडतीस. कमी निघेल म्हणून पुन्हा मोजलं. चाळीस निघाले.

मी धावत सिस्टरकडे गेले आणि आकडा सांगितला. त्यांनी मान वर केली नाही. "तक्ता भरलेला आहे," त्या म्हणाल्या. "आता चाळीस लिहिशील, तर वीसचं काय सांगशील?"

खरं सांगते, मी तिथं उभी राहिले. त्यांच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता आणि त्यात माझी वही होती. लाज वाटते, पण त्या बाईआधी मला वही दिसली. मग आतून खोकल्याचा आवाज आला आणि मी जिना उतरून ओपीडीत घुसले, रांगेतल्या लोकांदेखत.

"सर, नऊ नंबरचे वीस मी मोजले नव्हते," मी म्हटलं. "आता चाळीस आहेत."

पुढचं भराभर झालं. रक्ताची गाठ फुप्फुसात अडकली होती. ऑक्सिजन, ट्रॉली, आयसीयू. वेळेवर कळलं म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. मला कोणी काही म्हटलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

संध्याकाळी सिस्टरनं मला बसवलं. समोर कोरा तक्ता ठेवला. जुना फाडला, चार तुकडे केले आणि एप्रनच्या खिशात घातले. मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. सकाळी सहा वाजता वीस. दहाला चोवीस. बाराला अठ्ठावीस, म्हणजे नोंदीची वेळ नसतानाही आम्ही पाहिलं. एकला बत्तीस. दोनला चाळीस, डॉक्टरांना कळवले. वाचणाऱ्याला वाटावं की आम्ही दिवसभर त्या बाईच्या छातीवरून नजर हटवली नाही. खाडाखोड एकही नाही. लिहून झाल्यावर सिस्टरनी गठ्ठ्यातून माझी वही काढली आणि सही केली.

मी ती सही घेतली. नाही म्हणाले असते, असं आज सांगणं फार सोपं आहे. परीक्षेला बसले, पास झाले, पाहुणे टळले. तो तक्ताही फळ्यावर लागला, आधीच्या जागेवर.

दहा-बारा दिवसांनी बाईला सुट्टी मिळाली. लेक घ्यायला आली होती. बाईनं माझा हात धरून लेकीला दाखवलं आणि सांगितलं की या पोरीनं दिवसभर माया श्वास मोजला, डॉक्टरसाहेबच सांगत होते. लेक माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरकले.

"घरी जाच्या आधी एकदा मोज न वं, पोरी," बाई म्हणाली. "तुया हातानं."

मी मनगट धरलं, घड्याळ समोर केलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. वीस निघाले.