ब्रेक कुठे लागतात

"अपघात कुठे झाला ते पोलीस सांगतील. आपण ब्रेक कुठे लागतात ते बघायचं."

हे भाईंचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना हातातल्या चमच्याने ते लॅपटॉपचा पडदा टोचत. पडद्यावरचा लाल ठिपका धोक्याचा की शेवभाजीच्या तेलाचा, यावर आमच्या जळगावच्या ऑफिसात रोज हशा होई. भाईही हसत आणि रुमालाने पुसून बघत.

भाई धुळ्याचे. वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या आमच्या ऑफिसात ते कंत्राटावर आले होते. मी शेजारच्या टेबलावर नकाशे काढायचो. ट्रक-बसमध्ये बसवलेल्या यंत्रांतून वेग, थांबे, करकचून लागलेले ब्रेक, सगळं त्यांच्याकडे यायचं. आकड्यांत रमणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण भाईंना प्रत्येक ठिपक्यात थोडक्यात वाचलेला कुणीतरी दिसे.

धुळ्याच्या रस्त्यावर एका फाट्याशी असे ठिपके दाटले होते. आम्ही दोघं तिथे गेलो. गाव एका बाजूला, शेतं दुसऱ्या. मधून भरधाव ट्रक. फाट्यावर चहा विकणाऱ्या अक्का अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, आठे काहीतरी करा. रस्ता पार करता भ्याव लागस."

"करतो अक्का," भाई म्हणाले.

त्यांनी भुयारी रस्त्याचा प्रस्ताव मांडला. साहेबांनी नकाशा लक्षपूर्वक पाहिला.

"छान केलंय. इथे मृत्यू किती?"

"अजून एकही नाही, साहेब."

"मग ही जागा निकषात बसत नाही."

"म्हणून तर आत्ता सांगतोय."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "भाई, निकष मी ठरवत नाही हो."

भाईंनी गावकऱ्यांकडून जुनी पिंपं मागवली, त्यांना चमकत्या पट्ट्या लावून फाट्याच्या दोन्ही अंगांना ठेवली. वाहतुकीला अडथळा म्हणून ती आठवड्याभरात उचलली गेली. मग भाईंनी एवढंच केलं, की त्या फाट्यावर जोराचा ब्रेक लागला की आपला फोन वाजेल अशी सोय केली. जेवताना फोन वाजला की त्यांचा घास थांबे.

"घरून का?" मी विचारायचो.

"नाही, फाट्यावरून."

मी म्हणायचो, बंद करून टाका ते. ते म्हणायचे, "वाजला म्हणजे कुणीतरी वाचलं."

त्या दुपारी फोन वाजलाच नाही. बातमी पोलिसांकडून आली. ट्रकवाल्याने ब्रेक दाबलाच नव्हता. अक्का चहाची किटली घेऊन रस्ता ओलांडत होत्या.

आम्ही भेटायला गेलो. अक्कांचे यजमान, नाना, ओट्यावर बसले होते. त्यांनी भाईंना पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, तुम्हले तं माहीत व्हतं ना?"

"हो नाना," भाई म्हणाले. पाण्याचा पेला तसाच हातात राहिला.

भाईंनी प्रस्ताव पुन्हा पाठवला. साहेबांनी या वेळी त्यांना जवळ बसवलं आणि फार हळू आवाजात सांगितलं, "एका मृत्यूनं निकषात नाही बसत, भाई."

भाई लॅपटॉप मिटून बाहेर गेले. कंत्राट संपल्यावर त्यांनी ते वाढवून घेतलं नाही. आता धुळ्यात भावाच्या कापडदुकानात बसतात.

परवा एसटीने धुळ्याला निघालो होतो. फाट्यावर बस हळू झाली. भर उन्हात रस्त्याच्या मधोमध नाना उभे होते, एक हात वर करून. त्यांच्या मागून बायका डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन पलीकडे जात होत्या. कंडक्टर म्हणाला, "रोज असतात. दिवसभर."

मी तिथूनच भाईंना फोन लावला आणि सांगितलं.

"नाना डोक्यावर काही घेतात का?" त्यांनी विचारलं.

"टॉवेल आहे."

"बरं."

बस पुढे निघाली. फोन ना त्यांनी ठेवला, ना मी.