दार लावून शिवलेली पाकिटं

मैत्रिणींनो, दुपारची गोष्ट आहे, पण अजून मनातून जात नाही.

हाताने चामडं शिवायला शिकायचं म्हणून मी सामान मागवलं होतं. आज परळच्या आमच्या चाळीत, उघड्या दारात बसून पहिलंच पाकीट शिवत होते. टाके वाकडे पडत होते. आईने ते हातातून घेतलं, एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी काढल्या. टाका सरळ बसला.

संपात गिरणी बंद पडून बाबा घरी बसले, तेव्हा आई धारावीहून चामड्याचे तुकडे आणून पाकिटं शिवायची. भर दिवसा दार लावून. तरी वास बाहेर गेलाच. त्या संक्रांतीला शेजारच्या मालूकाकूंनी सगळ्या चाळीला हळदीकुंकवाला बोलावलं, फक्त आईला नाही. आई ठेवणीतली साडी नेसून वाट बघत राहिली. मला काकूंनी बाहेर तिळगूळ दिला. मी तो खाल्ला.

त्याच काकू आज दारात थांबल्या. "काय सुंदर गो! माझ्या नातीला पण शिकव ना."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "शिकवेल की वहिनी. दार लावून शिकवू दे, की उघडं ठेवून?"

काकू हसल्या. त्यांना काहीच आठवत नव्हतं. मला राग त्याचाच आला.

तुमच्या आईने दार लावून काय काय केलं, कधी विचारलंत तिला?