सतराव्या विहिरीतला लाल थर

“सर, सतराव्या विहिरीत लाल थर नाही.”

निलोफर माझ्या टेबलासमोर नकाशा पसरून उभी होती. ती माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आठ दिवसांनी तिचं प्री-सबमिशन सेमिनार होतं, म्हणजे प्रबंध जमा करण्याआधी समितीपुढे सगळं काम मांडायचं. प्रवेशपरीक्षा, कोर्सवर्क, दर सहा महिन्यांचे रिपोर्ट, सगळं तिने पार पाडलं होतं. उरली होती ही एक पायरी, आणि महिनाअखेर नोंदणीची मुदत संपत होती.

“उतरली होतीस का?” मी विचारलं.

“मे महिन्यात. दोनदा, सर.”

“शेवाळामुळे दिसला नसेल. मी स्वतः पाहिलाय.”

हे वाक्य खोटं होतं.

आमच्या भागात जमिनीखाली काळा दगड. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या मातीचा लाल पट्टा असतो. न बांधलेल्या विहिरीच्या भिंतीवर तो उघडा दिसतो. म्हणून आम्ही भूशास्त्राचे लोक टेप आणि हातोडा घेऊन विहिरीत उतरतो. नकाशाचा नियम साधा आहे: डोळ्यांनी पाहिलं तिथे सलग रेघ, अंदाज असेल तिथे तुटक.

पंचवीस वर्षांपूर्वी मी माझ्या प्रबंधासाठी मुखेड तालुक्यात याच विहिरी मोजत होतो. सोळावीत लाल थर होता, अठरावीत होता. वाटेत मागे राहिलेल्या सतरावीपाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि नांदेडची एसटी गाठायची होती. वरूनच शेतमालकाला दोन प्रश्न विचारले, चहा घेतला, निघालो. दोन्हीकडे आहे म्हणजे मध्येही असणारच. घरी येऊन सलग रेघ ओढली. वर थराची जाडीही लिहिली, पाऊण मीटर. ती कुठून आणली, मला आज सांगता येत नाही.

निलोफरचा सगळा प्रबंध नेमका याच्या उलट होता. लाल थर सलग चादरीसारखा नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. तिचा मुख्य पुरावा सतरावी विहीर.

सेमिनारला लातूरहून बाहेरचे तज्ज्ञ आले होते. त्यांनी माझा जुना प्रबंध सोबतच आणला होता.

“तुमच्या गाईडनी इथे थराची जाडीसुद्धा दिलीय. तुम्हाला थरच दिसत नाही. कुणाचं खरं मानायचं?”

“सर, मी शेवाळ खरवडून बघितलंय.”

“मग सरांनी काय स्वप्नात बघितलं?”

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून मला छळतं.

“पुन्हा मोजून या,” तज्ज्ञ म्हणाले. विहिरी तेव्हा काठोकाठ भरलेल्या. आता उतरायला मिळणार पुढच्या उन्हाळ्यात. तोवर नोंदणी रद्द. अध्यक्षांनी निर्णयाआधी चहाची सुट्टी दिली.

व्हरांड्यात निलोफर माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, “सर, मी सतरावीत तुटक रेघ दाखवू का? म्हणजे थर असेलही, नसेलही. तुमचंही राहील, माझंही भागेल.”

“पण तू तर उतरून पाहिलंस.”

‘तुमचंही राहील’ असं ती म्हणाली होती. मला काय ते कळलं.

“मी उतरलो नव्हतो, हे तुला माहीत होतं?”

“शेतावरचे दिगंबरमामा बोलले होते. ‘तुमचे सर वरूनच बापाला इचारून गेले. टोपी इसरले व्हते, ती बापानं दोन साल घातली.’”

टोपी हरवल्याचं मला आठवत होतं. कुठे, ते आठवत नव्हतं. जे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, ते माझ्यासाठी तुटक करायला ही मुलगी तयार झाली होती.

चहा तसाच ठेवून मी आत गेलो.

“मी सतराव्या विहिरीत उतरलो नव्हतो. तो थर मी अंदाजाने काढला. जाडी मनाने लिहिली.”

अध्यक्षांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. “सर, हे बैठकीच्या मिनिट्समध्ये घ्यायचं का?”

“घ्या.”

लातूरचे तज्ज्ञ माझ्याकडे न बघता निलोफरला म्हणाले, “बसा मॅडम. तुमचं काम पुढे जाऊ द्या.”

प्रबंध मुदतीत जमा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न सतराव्या विहिरीवरच विचारला. तिने दहा मिनिटं उत्तर दिलं. मी मागच्या रांगेत होतो. आज ती डॉक्टर आहे. मिनिट्समध्ये नोंदलेल्या माझ्या कबुलीची विद्यापीठात चौकशी चालू आहे. ती संपेपर्यंत मला नवे विद्यार्थी मिळणार नाहीत. यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

यंदा मे महिन्यात मुखेडला गेलो. दिगंबररावांनी दोर कडुनिंबाला बांधला. मी विहिरीत उतरलो, ते वर बसून राहिले.

“सर, हाय का लाल माती?”

“नाही.”

“म्या तर पोरीला तवाच सांगितलं. खोदताना सगळा काळाच फत्तर लागला. सर, तुमी बापाला काय इचारलं व्हतं?”

“पाणी किती आहे आणि गाडी किती वाजता आहे.”

पीएच.डी.च्या नियमांत पानांची संख्या आहे, समासाची रुंदी आहे, बांधणीचा रंगही आहे. विहिरीत उतरलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. एम.एस्सी.च्या वर्गाला मी आता पहिल्याच तासाला दोराची गाठ शिकवतो.