बंद डोंगराची शेरडं कुठे चरतात

खर्ड्याजवळ ह्यांच्या वाटणीचा माळ आहे. हे गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. माझी धाकटी जाऊ सुमन तिथे शेळ्या चारते. मध्यंतरी तिचा फोन आला. परदेशी निधीवर काम करणारी एक संस्था गावातले माळ झाडांसाठी चराईला बंद करणार होती. सगळे तयार, फक्त माझा होकार बाकी. लांबच्या लोकांना आपल्या माळाचा एवढा कळवळा आला की मला आधी शंका येते. शेजारच्या गावात हेच काम झालंय असं कळलं. म्हटलं, स्वतः बघू.

नगरजवळच्या भिंगारला माझं घर, तिथून रिक्षाने माळीवाडा स्टँड, तिथून जामखेडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. पूर्वी हे खिडकीशी बसायचे आणि मी त्यांच्या खांद्यावर झोपायचे. आष्टीचा रस्ता या वेळी पहिल्यांदाच सगळा पाहिला. जामखेडहून खर्ड्याला जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. खर्ड्याचा किल्ला बघायचा तर सकाळीच बघा, आत सावली कमी.

सुमनकडे बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि शेळीच्या दुधाचा चहा झाला. दुसऱ्या दिवशी एकटीच शेजारच्या गावी चालत गेले.

वेशीवर देणगीदार देशाच्या झेंड्याचा मोठा फलक. मला वाटलं, फलकापुरतंच काम असणार. पण डोंगर खरंच हिरवा होता. पाणी अडवायला खणलेल्या चरांच्या कडेने सीताफळं लागलेली, गवत गुडघ्याएवढं. आपली शंका खोटी ठरली याचा थोडा रागच आला.

हापशावर एक म्हातारी होती. विचारलं, "मावशी, तुमची शेरडं कुठं चरतात आता?"

"हितं पाय ठिवला की दंड. पल्याडच्या माळावर नेतो. मालक वारला, त्याची बाई नगरला. कोन बघाया येतंय?"

"आणि बाई आलीच तर?"

"आली तर चा पाजू की!"

ती हसली, मीही हसले. 'मालक वारला' असं इतक्या सहज माझ्यासमोर कुणी म्हटलं नव्हतं. मी कोण ते सांगितलं नाही.

परत येऊन सुमनला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय अक्का. त्यांचा डोंगर बंद झाला तवा त्या बाया माझ्याच दारात आल्या. न्हाई कसं म्हनू?"

"आणि आपलाही बंद झाल्यावर तुझ्या शेळ्या?"

"इकीन. समदं गाव एकीकडं, मी एकटी आडवी कशी येऊ?"

संध्याकाळी संस्थेचे साहेब आले. "काकू, पाहिलंत ना, किती हिरवं झालंय?"

"पाहिलं. तिथली शेरडं माझ्या माळावर आहेत. पैसे देणाऱ्यांना हे सांगितलंत का?"

"ते प्रकल्पाच्या हद्दीबाहेर येतं, काकू."

"माझा माळ हद्दीत आला की ती कुठे जाणार?"

 मी म्हटलं, अर्धा माळ शेरडांना मोकळा ठेवा, अर्ध्यावर लावा झाडं. ते म्हणाले, वर विचारून सांगतो.

घरी येऊन बरेच दिवस झाले. गावातले दीर-भावकी फोन करतात, वहिनी, तुमच्यामुळे निधी माघारी जाईल. जाईलही. तो हिरवा डोंगर मनातून जात नाही, आपल्या माळावर तसं गवत मलाही हवंय. पण साहेबांचा फोन आला की मी त्यांना झाडांचं काही बोलू देत नाही. आधी विचारते, शेरडांचं काय ठरलं?