भांड्यावरचं नाव

जुन्नरहून घाटघरला जाणाऱ्या एसटीत शेजारचा माणूस टोपीनं मोबाइल पुसून पुसून पाहत होता. विकत घेतलेलं ई-पुस्तक रेंज गेल्यावर उघडत नव्हतं. ते मीच प्रकाशित केलेलं! तणतणत म्हणालो, "लोक चोरतात हो, म्हणून पुस्तकाला कुलूप घातलंय. नेटवर खरेदी तपासल्याशिवाय ते उघडत नाही."

तो हसला. "आमच्या घरी रेंजच नाय, भाऊ. शेजाऱ्याकडं फुकटात आलेली कॉपी मातर कुठंबी उघडती. आमी भांड्याला कुलूप न्हाई लावत, त्यावर नाव घालतो, राव. लग्नाकार्याला गावभर फिरतं, पण कुणी ठेवून घेत न्हाई."

परतल्यावर मी कुलूप काढलं. आता प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर घेणाऱ्याचं नाव घालतो.

त्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.