पत्र्याच्या शेडमधलं कपाट

"कपाट या महिन्यात हलवायचं. शेड आता सरांना..."

भिंतीपलीकडून एवढंच ऐकू आलं आणि आमच्याच घरची पाण्याची मोटार सुरू झाली. ती बंद करायला धावले, तोवर बोलणारे वकीलसाहेब स्कूटरला किक मारून निघूनही गेले होते.

लातुरात आमचं घर आणि वाचनालय यांच्यामध्ये एकच भिंत, तीही माझ्या खांद्याएवढी. अशा भिंतीजवळ वर्षानुवर्षं कपडे वाळत घातले की किस्से आपोआप साठत जातात. लोक म्हणतात, वहिनी, तुम्ही फार चौकशा करता. मी चौकशा करत नाही. मी कपडे वाळत घालते.

*

आधी त्या कपाटाचं सांगते.

भूकंपानंतर बाहेरची बरीच माणसं मदतीला आली. कुणी भांडी दिली, कुणी ब्लँकेटं. एका संस्थेनं मात्र आमच्या वाचनालयाला लोखंडी कपाटभर पुस्तकं दिली. संस्था नोंदवायची कशी, मदतीसाठी प्रस्ताव लिहायचा कसा, देणग्या कोण देतं, सभा कशा घ्यायच्या, अशी सगळी. तेव्हा मला वाटलं होतं, घर पडलेल्या माणसानं हे वाचून काय करायचं? पण खेड्याखेड्यांत बायकांची मंडळं निघाली आणि कपाटाला गिऱ्हाईक सुरू झालं.

वाचनालयाचा हॉल दगडी. त्या दिवसांत दगडी भिंतीत बसायची कुणाची छाती नव्हती. म्हणून ग्रंथपाल शोभाताईंनी कपाट अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावलं. खेड्यातलं माणूस आलं की बाहेर पडायची वाट कुठंय ते आधी बघायचं, मग तिकडं तोंड करून खुर्ची मांडायचं. शेड तिन्ही बाजूंनी उघडी, तरीसुद्धा!

पुढं क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात आली आणि हॉल भरून गेला. त्यांना हवा कोपरा, तोंड भिंतीकडं. शोभाताई म्हणायच्या, "माझ्याकडं दोनच प्रकारचे वाचक. दारवाले आणि कोपरेवाले."

*

कपाटात देणगीदारांची एक डायरेक्टरी होती. मुदखेडचे एक गृहस्थ रेल्वेनं आले, दिवसभर ती चाळली आणि गेले. नंतर पाहिलं तर एक पान फाडलेलं. दुसऱ्या कुणी त्या देणगीदाराकडं अर्ज करू नये, म्हणून.

आठवड्याभरात स्वारी परत दारात. देणगीदाराचं नाव आणि माहिती फाडलेल्या पानावर होती, पण पत्ता होता पुढच्या पानावर.

शोभाताईंनी मान वर न करता विचारलं, "पान आणलंत का?"

*

दारवाल्यांत सगळ्यात नेमानं येणारी रुक्मिणबाई. निलंग्याकडच्या एका गावची. जुनं गाव पडलं, नवीन गावठाण वसलं, तिथल्या बायकांच्या मंडळाची ती अध्यक्ष. त्यांना लेकरांसाठी बालवाडीची खोली हवी होती, पत्र्याच्या हलक्या छताची. स्लॅबखाली लेकरं पाठवायला आया तयार नव्हत्या, आणि देणाऱ्यांचा नकाशा स्लॅबचाच. म्हणून स्वतःचा प्रस्ताव लिहायचा, या एका कामासाठी दर शनिवारी मंडळातल्या बायका एसटीनं यायच्या.

वाचता यायचं एकट्या रुक्मिणबाईला, तेही चौथीपर्यंतचं. म्हणून ती मोठ्यानं वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. "प्रस्तावाची अंगे. एक, समस्येचे स्वरूप." मी भिंतीअलीकडं उभी राहून निम्मं पुस्तक पाठ केलं.

समोरच्या गल्लीत फिजिक्सचा क्लास चालवणारे सर होते. त्यांची पोरं हॉलमध्ये अभ्यासाला बसायची. सरांनी या आवाजाची तक्रार केली, आणि स्वतःच्या खर्चानं पाटी रंगवून शेडमध्ये लावली.

पुढच्या शनिवारी रुक्मिणबाई आली. पाटीसमोर उभी राहिली. बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात वाचली, "शांतता राखा." बायकांनी माना डोलावल्या. मग तिनं पुस्तक उघडलं आणि त्याच आवाजात पुढं वाचायला लागली.

*

मंडळाचा पहिला प्रस्ताव गेला तो पुस्तकातल्या नमुन्यावरून. नमुना होता कोकणातल्या कुठल्याशा गावाचा. यांनी गावाचं नाव बदललं आणि बाकी सगळं जसंच्या तसं उतरवलं. बालवाडीच्या खोलीबरोबर मच्छीमार बांधवांसाठी जाळी आणि होड्यांची दुरुस्तीही मागितली.

देणगीदार संस्थेच्या एक मॅडम गाव बघायला आल्या. विचारायला लागल्या, समुद्र कुठंय?

रुक्मिणबाईनं सांगितलं, "समुद्र न्हाई मॅडम. पण पुस्तकात व्हतं. गाळलं आसतं तर तुमीच म्हनला आसता, अर्ज अपुरा हाय."

प्रस्ताव परत आला. बालवाडी देवळाच्या ओट्यावरच भरत राहिली, आणि पाऊस आला की सुट्टी. रुक्मिणबाई पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली.

*

एका शनिवारी त्यांनी मंडळाची सभाच शेडमध्ये ठेवली. दोघींची एसटी चुकली, म्हणून संख्या भरेना. पुस्तकात लिहिलं होतं, गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घ्यावी. झालं! सगळ्या उठल्या, शेडबाहेर आल्या आणि माझ्या भिंतीला टेकून बसल्या.

मी चहा केला. म्हटलं, एवढा विषय तरी काय आहे सभेपुढं? कुणी बोलेना. बशीतला चहा फुंकत एकजात गप्प.

शेवटी रुक्मिणबाई म्हणाली, "वहिनी, सभा तहकूब हाय. बोलता येत न्हाई."

अर्ध्या तासानं सगळ्या उठून आत गेल्या. कप मात्र विसळून ठेवले होते.

*

आता त्या पाण्याच्या मोटारीकडं येते.

वकीलसाहेब म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांचं अर्धं वाक्य ऐकल्यावर बाकीचं अर्धं मला आपोआप समजलं: शेड सरांच्या क्लासला, कपाट रद्दीत. शनिवारी रुक्मिणबाईला भिंतीवरूनच सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "दुसरा प्रस्ताव अर्ध्यात हाय, वहिनी. आता बघावं कशात?" मग शोभाताईंकडून कोरे कागद मागून घेतले.

वकीलसाहेबांना अर्ज मिळाला. समस्येचे स्वरूप: कपाट चाललं. उद्दिष्ट: कपाट आमच्या गावाला मिळावं. लाभार्थी: मंडळ आणि आसपासची गावं. देखभाल कोण करणार, ऐन पावसाळ्यात कुठं ठेवणार, वर्षानं अहवाल कुणाला देणार, सगळं क्रमवार. होड्या नव्हत्या.

खरं म्हणजे कपाट कुठंच जाणार नव्हतं. लोकांची भीती आता सरली असेल असं धरून ते शेडमधून उचलून फक्त हॉलमध्ये न्यायचं ठरलं होतं. शेड सरांना दिली हे खरं, पण पोरांच्या सायकली लावायला. शोभाताईंनी हे वकीलसाहेबांच्या लक्षात आणून दिलं, गैरसमज झालाय म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. म्हणाले, "इतक्या वर्षांत वाचनालयाकडं आलेला हा पहिला व्यवस्थित अर्ज. नामंजूर करू तरी कशाच्या जोरावर?"

टेम्पोत कपाट चढलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. शोभाताई बराच वेळ शेडमध्ये उभ्या होत्या. कपाटाच्या चार पायांचे गोल डाग फरशीवर उठले होते. दुसऱ्या दिवशी त्यांवर सायकली लागल्या.

*

वर्षा-दोन वर्षांनी रुक्मिणबाईनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. दुसरा प्रस्ताव मंजूर झाला होता. बालवाडीची खोली पत्र्याची, तिला समोरासमोर दोन दारं, आणि मधल्या भिंतीला ते कपाट.

वाण वाटणं चाललं होतं, तेवढ्यात एसटीतून उतरून धुळीनं भरलेले एक गृहस्थ आले. बघते तर फिजिक्सचे सर! क्लास आता मोठा झाला होता, त्यांना स्वतःची शिक्षणसंस्था काढायची होती. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, पाहिजे ते पुस्तक आता निलंग्याकडं गेलंय.

रुक्मिणबाईनं त्यांना पाणी दिलं, पुस्तक काढून दिलं, सतरंजी दाखवली. सरांनी खोलीभर नजर फिरवली आणि दाराजवळची जागा धरली. पुस्तक उघडलं आणि मनातल्या मनात वाचायला लागले. बायका हळूहळू सरकत त्यांच्याभोवती येऊन बसल्या. लेकरंही बसली. सगळे सरांच्या तोंडाकडं बघत राहिले.

सरांनी मान वर केली.

"सर, मोठ्यानं वाचा," रुक्मिणबाई म्हणाली. "हितं समद्यांसाठी वाचत्यात."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी कुंकवाचा करंडा पुसायला घेतला. मग त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. समस्येचे स्वरूप झालं, उद्दिष्टं झाली, पान उलटलं. "मच्छीमार बांधवांसाठी जाळी..."

"ते सोडा, सर," मागून चार-पाच जणी एकदमच म्हणाल्या. "ते आमी मागून बसलो एकदा."