सोवळ्यातली मोटर

अप्पांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी पुण्यात थंडी पडली का ते विचारलं, मग माझ्या मुलाची परीक्षा, मग गॅस वेळेवर मिळतो का... मग जरा थांबून म्हणाले, "अक्का गेली. कॉफी घेतली, बरी झाली मणाली, आणि गेली." माझ्या आत्याला शोभेल असंच जाणं. शेवटचा शब्द कॉफीवरचा शेरा. याला आता दीड महिना झाला.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. पूर्वज राजांबरोबर तंजावरकडे आले आणि परत जायचं विसरले. लग्नानंतर पुण्यात मी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा शेजारणीने विचारलं, तुम्ही ऐतिहासिक नाटकात असता का? मी हो म्हणाले. बिचारी कितीतरी दिवस पास मागत होती.

ऐंशीच्या सुमाराला कुंभकोणमच्या घरात आम्ही तिघंच होतो. माझे वडील अप्पा, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे ही आत्या, आणि मी. आई माझ्या लहानपणीच गेलेली. घर कडक वैष्णव. देवाचं आणि श्राद्धाचं पाणी पहाटे ओलेत्याने विहिरीतून ओढलेलंच हवं, आणि ते ओढायची आत्या. तिचं सोवळं साऱ्या गल्लीत प्रसिद्ध. परक्याच्या दोरीवरचा पदर वाऱ्याने तिच्याकडे वळला तरी ती पुन्हा अंघोळ करेल, असा लौकिक. मग तिचा उजवा खांदा गेला आणि दोर माझ्या हाती आला. आणि नेमकी तेव्हाच मला मद्रासच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली.

"पाणी कोण ओढील?" अप्पा म्हणाले. "नोकरी नको." माणूस वाईट नव्हता. विहीर जिथल्या तिथे आहे तशी मुलगीही जिथल्या तिथे असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. मी रडायच्या बेतात होते, तर आत्या ताकभात कालवता कालवता म्हणाली, "मोटर बसवूं."

अप्पांना ठसका लागला. "अक्का, मोटरीचं पाणी सोवळ्याला? तींत चामडं असतं."

"रबर असतं. सेल्वम मेकॅनिककडे जाऊन उघडून बघितलं मी. आणि चामड्याचं मणतोस, तर शनिवारीं भजनांत मृदंग बडवतोस तो काय केळीच्या सालीचा आहे?"

"तें देवाचं वाद्य."

"ही देवाची मोटर. कावेरी मेट्टूर धरणाच्या लोखंडी दारांतून येती, तिला कोण सोवळं विचारतं रे?"

अप्पांनी शेवटचं अस्त्र काढलं. आजोबांचं श्राद्ध तोंडावर आलं होतं. "आचार्य जेवतील का?" आचार्य म्हणजे आमचे उपाध्याय. ते पानावरून उठले तर श्राद्ध बुडालं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

"नाही जेवले तर पोरगी घरीं राहील," आत्या म्हणाली. "जेवले तर मद्रासला जाईल. सेरी?"

"सेरी," अप्पा म्हणाले. आचार्य उठणार, हे ते धरूनच चालले होते. माझं सगळं आयुष्य आत्याने एका उपाध्यायाच्या भुकेवर लावलं आणि ती शांत झोपी गेली.

जवळच इन्नंबूरला तिची स्वतःची भातशेती होती. त्या भाताच्या पैशांवर मोटर आली. गल्ली बघायला लोटली. एका म्हाताऱ्या मामींनी विचारलं, या पाण्याला शॉक लागतो का? आत्याने पेलाभर पुढे केलं. "प्या. लागला तर सांगा."

श्राद्धाच्या सकाळी मी तिला विनवलं, काही बोलू नकोस, जेवून जाऊ देत त्यांना. ती म्हणाली, "लपवाला मी काय कांदा शिजवला आहे?" पानं मांडली, आचार्य बसले, आणि ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. "आचार्य, आधीं सांगतें. पाणी मोटरीचं आहे. उठाचं असेल तर आतां उठा, पायसम वाढल्यावर नको."

अप्पा भिंतीकडे बघू लागले. मी आचार्यांच्या हाताकडे. तो पानावर अधांतरी थांबलेला... आचार्यांनी मान वळवून परसाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आवाज फार करती का?"

"तुमच्या मंत्रांपेक्षा कमी."

"नाही, मणजे... आमच्या घरींही बसवा मणतात. हिचे गुडघे धरलेत. मी मणालों, आधीं दुसरं कोणी बसवूं दे." आणि त्यांनी आपोशन घेतलं. त्या दिवशी पायसम त्यांनी तीनदा मागून घेतलं.

मी मद्रासला गेले. वर्षभरात गल्लीतल्या बऱ्याच घरांमागे मोटरी घरघरू लागल्या आणि प्रत्येक घरची बाई आधी आत्याचा सल्ला घेऊन गेली. पुढे गॅस आला, मिक्सर आला, टीव्ही आला. लोक नाकं मुरडत असत आणि आत्या नव्या सुनेला घ्यावं तशी दारात उभी. फसलीही. पहिल्या मिक्सरचं झाकण उडून चटणी छताला लागली, तर म्हणाली, छतालाही कधीतरी चव कळूं दे.

तेराव्याला मी कुंभकोणमला होते. सकाळीच करंट गेला. स्वयंपाकाला पाणी नाही. चुलत भाऊ दोर आणि घागर घेऊन विहिरीकडे निघाले, तर वाकलेले अप्पा काठी टेकत आडवे आले.

"दोर ठेवा. करंट येऊं दे."

आचार्यांचा मुलगा आता उपाध्याय आहे. तो चाचरत म्हणाला, "मामा, वेळ टळती. विहिरीचं पाणी तर जास्तच सोवळं."

"अक्काला मोटरीचं पाणी," अप्पा म्हणाले. "थांबाचं."

आम्ही सगळे परसात थांबलो. अप्पा बटण दाबून, त्यावर बोट तसंच ठेवून पायरीवर बसून राहिले. ऊन विहिरीच्या कठड्यावर चढलं तेव्हा मोटर घरघरली. अप्पांनी उठून पहिली घागर स्वतः भरली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि ती सोवळ्यात आत नेली.